तडजोड हवी, पण जखम कळल्यावर

मोटार अपघातात जखमी झालेल्या माणसाला नरखेड तालुक्यात दोन सल्ले हमखास मिळतात, आणि ते देणारे दोघेही बहुधा त्याच्या भल्याचेच असतात. एक म्हणतो, पोलिसांत नोंद कर, दावा टाक, हक्काचा पैसा सोडू नको. दुसरा म्हणतो, समोरचा आपल्याच भागातला आहे, दवाखान्याचा खर्च द्यायला तयार आहे. कोर्टाच्या चकरा मारण्यापेक्षा आपसात मिटवून टाक. पुष्कळदा हा निर्णय प्लास्टर चढण्याआधी, कधी तर एक्स-रे निघण्याआधीच होऊन जातो. दोन्ही सल्ल्यांमागे अनुभव आहे आणि दोन्हींची किंमतही आहे. म्हणून एकाला शहाणा आणि दुसऱ्याला भाबडा ठरवण्याआधी दोन्ही बाजू नीट तोलून पाहायला हव्यात.

आधी भूगोल पाहू, कारण इथले बरेच पेच त्यातूनच निर्माण होतात. नरखेड हा नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा संत्र्याचा तालुका. उत्तरेला मध्य प्रदेशातले पांढुर्णा, पश्चिमेला वर्धा नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यातले वरूड आणि मोर्शी. संत्र्याच्या हंगामात ट्रक, पिकअप आणि मजुरांच्या गाड्या, लग्नसराईत वऱ्हाडाच्या मोटारी, असा सगळा भार याच रस्त्यांवर असतो. मोठे रुग्णालय म्हणजे नागपूर, आणि ते ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर. डिसेंबर 2023 मध्ये शेजारच्या काटोल तालुक्यात सोनखांबजवळ ट्रक आणि मोटारीच्या धडकेत लग्नाहून परतणाऱ्या सहा जणांचा जीव गेला, तेव्हा या मार्गाची चर्चा राज्यभर झाली. चर्चा मृतांची होते, आणि ते स्वाभाविक आहे. मात्र केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 1,68,491 लोक रस्ते अपघातांत मरण पावले आणि 4,43,366 जखमी झाले. मृतांच्या अडीचपटीहून अधिक असलेल्या या जखमींपैकी अनेकांना त्या दिवसाचे परिणाम पुढे वर्षानुवर्षे भोगावे लागतात.

पहिला प्रश्न पहिल्या तासाचा. रस्त्यात पडलेल्या जखमीला मिळेल त्या गाडीत घालून न्यावे, की 108 रुग्णवाहिकेची वाट पाहावी? वाट पाहण्याच्या बाजूने वैद्यकीय कारण भक्कम आहे. मानेला किंवा मणक्याला मार असेल, तर हातपाय धरून गाडीत कोंबल्याने बरा होऊ शकणारा माणूस कायमचा अपंग होण्याची भीती असते. 108 च्या गाडीत डॉक्टर असतो, ऑक्सिजन असतो, स्ट्रेचर असते. राज्यात ही सेवा 2014 मध्ये 937 गाड्यांनिशी सुरू झाली आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत.

दुसरीकडे, एका तालुक्याच्या वाट्याला अशा मोजक्याच गाड्या येतात. आडरस्त्यावर, रात्रीच्या वेळी गाडी पोहोचायला लागणारा वेळ रक्तस्राव होत असलेल्या माणसाला परवडत नाही. म्हणून यात एकच नियम सर्वांना लागू करणे धोक्याचे ठरेल. फोन आधी करावा आणि गाडी किती वेळात येते ते विचारावे. तोवर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, जखमीला पाणी पाजू नये आणि मान हलू देऊ नये. रक्त थांबत नसेल किंवा श्वास अडकत असेल आणि गाडी लांब असेल, तर जखमीला सपाट निजवून, मान स्थिर ठेवून जवळच्या दवाखान्यात हलवावे. मदत करणाऱ्याने पोलिसांच्या ससेमिऱ्याला भिण्याचे आता कारण नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134-अ ने त्याला संरक्षण दिले आहे. स्वतःचे नाव सांगणेही त्याच्यावर बंधनकारक नाही.

दवाखाना कोणता, यावरही दोन मते आहेत. नरखेड किंवा काटोलच्या ग्रामीण रुग्णालयात थांबून पुढे जाण्यात वेळ जातो, तेव्हा थेट नागपूरला मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, गाठावे, असे अनेक जण म्हणतात. तिथे ट्रॉमा सेंटर आहे, मेंदूचे आणि हाडांचे तज्ज्ञ आहेत. तालुक्याला ते नाहीत. हे खरे आहे. तथापि, धक्क्याच्या अवस्थेतल्या माणसाला सलाइन न लावता, हाडाला आधार न देता दीड-दोन तास मोटारीत नेणे हा जुगारच होय. शुद्धीवर असलेला, किरकोळ जखमांचा रुग्ण थेट मोठ्या ठिकाणी गेला तर बिघडत नाही. गंभीर रुग्णाने मात्र जवळच्या रुग्णालयात स्थिर होऊन, रेफर चिठ्ठी घेऊन पुढे जावे हेच बरे. पैसे किंवा पोलिसांचा कागद नाही म्हणून कोणताही डॉक्टर, सरकारी असो वा खासगी, त्याला परत पाठवू शकत नाही. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितले आहे की आधी जीव वाचवायचा आणि बाकी सोपस्कार मागाहून करायचे.

इथवरच्या मतभेदांवर समजूतदार माणसांचे एकमत होऊ शकते. खरी ओढाताण सुरू होते ती दवाखान्याच्या व्हरांड्यात, गाडीवाल्याचे नातेवाईक बोलणी करायला येतात तेव्हा.

आपसात मिटवण्याची बाजू आधी ऐकू, कारण शहरी लेखणी तिची अनेकदा थट्टा करते. मोटार अपघात दाव्याचा निकाल लागायला वर्षे लागतात. बागेत आंबिया बहाराची तोडणी चालू असताना तारखेला नागपूरला जाणे म्हणजे एक दिवस आणि एक रोजी बुडणे. समोरचा गाडीवाला पुष्कळदा बँकेच्या कर्जावर पिकअप चालवणारा तरुण असतो. गाडी ठाण्यात अडकली की त्याचा हप्ता थकतो आणि घरही अडचणीत येते. त्याच्यावर गुन्हा लागला तर दोन गावांतले संबंध बिघडतात, आणि ज्या भागात लग्नकार्य, मजुरी आणि व्यापार याच माणसांशी होतो तिथे संबंधांना मोल आहे. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम चालली ती याच समजुतीवर, की गावातले तंटे गावात मिटले तर माणसे आणि न्यायालये दोघांचाही भार हलका होतो. हातात लगेच पडणारे पन्नास हजार हे पाच वर्षांनी मिळणाऱ्या पाच लाखांपेक्षा गरजू घराला मोठे वाटतात. त्यात नवल नाही आणि मूर्खपणा तर मुळीच नाही.

मात्र या युक्तिवादात एक गृहीत लपलेले आहे. बोलणी होतात त्या दिवशी दुखापत किती आहे हे दोन्ही पक्षांना ठाऊक आहे, असे तो धरून चालतो. प्रत्यक्षात ते फार क्वचित ठाऊक असते. ज्याला आपण मुका मार म्हणतो तो सर्वांत फसवा. डोक्याला मार लागलेला माणूस काही तास नीट बोलतो, चहा घेतो, आणि कवटीच्या आत साचणाऱ्या रक्तामुळे रात्री बेशुद्ध पडतो. पोटाला बसलेल्या धडकेने प्लीहा फाटली असेल, तर ते दुसऱ्या दिवशीही उघड होऊ शकते. गुडघ्याचे स्नायुबंध तुटल्याचे सूज ओसरल्यावरच नीट तपासता येते. हाडात घातलेली सळई वर्ष-दीड वर्षाने काढायची, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च आलाच. शेतकऱ्याच्या बाबतीत आणखी एक हिशेब असतो. पाय भरून येतो, पण शिडीवर चढून संत्री तोडणे आणि फवारणीचा पंप पाठीवर घेऊन वाफ्यातून चालणे जमत नाही. ज्या नुकसानीचे माप अजून घेतलेलेच नाही, तिची पावती तिसऱ्या दिवशी सही करून द्यायची, हा सौदा समोरच्याने कितीही सद्भावनेने केला तरी बरोबरीचा होत नाही.

गाडीवाल्याच्या गरिबीचा मुद्दाही पुन्हा तपासून पाहावा लागतो. प्रत्येक वाहनाला त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे तो नेमका याचसाठी, की जखमीची भरपाई चालकाच्या खिशातून न जाता विमा कंपनीकडून यावी. आपसात मिटवल्यावर मालक स्वतःच्या घरातून पैसे देतो आणि ज्या कंपनीने वर्षानुवर्षे हप्ते घेतले ती मोकळी राहते. कंपनीच्या संमतीशिवाय परस्पर दिलेली रक्कम मालकाला तिच्याकडून परत मिळेल याचा भरवसा नसतो. म्हणजे ज्याच्यावर दया म्हणून नोंद टाळली, त्याच्यावरच भार पडतो. उलट नोंद झाली, विमा आणि परवाना चालू असला, तर दाव्याची रक्कम सर्वसाधारणपणे कंपनी देते. अपघातानंतर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणे हे कलम 134 नुसार चालकाचे कर्तव्य आहे. ते पाळण्यात त्याचेही हित आहे.

तथापि, सर्वच गाड्यांना विमा असतो असे नाही, आणि इथे तडजोडवाल्यांच्या म्हणण्याला खरा जोर येतो. विमा संपलेली गाडी आणि जमीन नसलेला मालक अशी जोडी समोर असली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा निकाल हातात पडूनही वसुलीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करत बसावे लागते. मालवाहू पिकअपमध्ये फुकट बसून चाललेल्यांची भरपाई विमा कंपनीवर टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये आशा राणी प्रकरणात ठरवले. तोडणीच्या मजुरांना तशाच गाड्यांतून नेले जाते, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. अशा प्रकरणांत मालकाशी मर्यादित, लेखी आणि वकिलाला दाखवून केलेली तडजोड हाच व्यवहारी मार्ग ठरू शकतो. परंतु गाडीला विमा आहे की नाही हे कळायलाही आधी नोंद लागते. पोलिसांकडून आणि परिवहन कार्यालयाकडून ही माहिती मिळवण्याचा जखमीला कायदेशीर हक्क आहे.

नोंदीच्या बाजूने आणखी एक कारण आता नव्याने आले आहे. मे 2025 मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. निश्चित केलेल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार तिच्यातून मिळतो. इतर रुग्णालयांत रुग्ण स्थिर करण्यापुरता खर्च मिळतो. मात्र अपघात मोटार वाहनाचाच होता याला पोलिसांची पुष्टी लागते. जो माणूस पहिल्याच दिवशी पाय घसरून पडलो असे लिहून देतो, तो ही सवलत आपल्याच हाताने गमावतो. दवाखान्यात एमएलसी करून घेणे, म्हणजे अपघाताची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, आणि गाडीचा क्रमांक केसपेपरवर लिहून घेणे, या दोन गोष्टींना दहा मिनिटे लागतात. पुढचा सगळा डोलारा त्यांवर उभा राहतो. धडक देऊन पळून गेलेल्या गाडीचा पत्ताच लागला नाही, तरी गंभीर दुखापतीला पन्नास हजार आणि मृत्यूला दोन लाख रुपयांची तरतूद आहे. तीही नोंदीवाचून मिळत नाही.

आणखी एक अडचण नाजूक आहे. मोटार मामाची, चालवणारा मामेभाऊ, आणि मागच्या सीटवर आपण. चूक भावाची असेल तर त्याच्यावर केस कशी टाकायची? हा संकोच समजण्यासारखा आहे, आणि नाते पैशापेक्षा मोठे मानणाऱ्याला कोणी नावे ठेवू नयेत. मात्र दाव्यात भाऊ आणि मामा हे नावापुरते पक्षकार असतात. गाडीची पॅकेज पॉलिसी असेल तर पैसे मोजायचे असतात कंपनीला. केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा असेल तर खासगी मोटारीत बसलेल्यांना तो लागू होत नाही आणि भार खरोखर मामावर येतो. म्हणून पॉलिसीचा कागद आधी पाहावा, घरात मोकळेपणाने बोलावे आणि मगच ठरवावे. पोलिसांतली फौजदारी आणि न्यायाधिकरणातली भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या बैठकीत एकदा स्पष्ट झाले तरी निम्मा कडवटपणा कमी होईल.

दावा करायचा ठरले तरी कायदा पुन्हा दोन वाटा पुढे ठेवतो, आणि तिथेही तोच तोल सांभाळावा लागतो. कलम 164 खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख रुपये मिळतात. घाईत असलेल्या घराला ही वाट सोयीची आहे. परंतु ही रक्कम ठरलेल्या पद्धतीने स्वीकारली की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपुष्टात येतो. कलम 166 चा रस्ता लांबचा. त्यात समोरच्याची चूक दाखवावी लागते आणि स्वतःची चूक निघाली तर तेवढी रक्कम कापली जाते. फरक किती पडू शकतो याचे एक कल्पित उदाहरण घेऊ. महिन्याला पंधरा हजार कमावणाऱ्या चोवीस वर्षांच्या तरुणाची काम करण्याची क्षमता तीस टक्क्यांनी गेली. न्यायालये या वयाला 18 चा गुणक लावतात. म्हणजे उत्पन्नाच्या नुकसानीपोटीच 9 लाख 72 हजार होतात. उपचार, वेदना आणि पुढची वाढ वेगळी. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अपंगत्वाच्या दाखल्यावरच्या टक्क्यांपेक्षा त्या माणसाच्या कामावर झालेला परिणाम पाहायचा. कारकुनाचा आणि बागायतीत राबणाऱ्याचा पाय त्या हिशेबात सारखा धरत नाहीत. जखम साधी असेल आणि हाती पुरावा नसेल, तर ठरीव रक्कम घेणे योग्य. कायमचे अपंगत्व येण्याची शक्यता असेल, तर थांबणे योग्य.

थांबणे म्हणजे बसून राहणे मात्र नव्हे. दाव्याला सहा महिन्यांची मुदत घालणारी दुरुस्ती एप्रिल 2022 पासून लागू आहे. तिच्या वैधतेला आव्हान दिले गेले असून, त्या याचिका प्रलंबित असेपर्यंत केवळ मुदतीच्या कारणाने दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला. हा दिलासा उशिरा जागे झालेल्यांसाठी आहे. नव्या जखमीने त्यावर विसंबण्यापेक्षा सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल करावा. अपघात पांढुर्ण्याकडे किंवा वरूडकडे झाला तरी दावा राहत्या जिल्ह्यात, म्हणजे नागपूरला, करता येतो. गुन्हाही हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही ठाण्याने नोंदवून घ्यायचा असतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तशी स्पष्ट तरतूद आहे. जलालखेड्याच्या माणसाला नदीच्या कोणत्या काठावर धडक बसली, यावरून त्याला इकडून तिकडे पाठवणे कायद्यात बसत नाही.

या सगळ्याचा तोल आमच्या मते नोंदीकडे झुकतो, पण तडजोडीला बाद करून नव्हे. तडजोड वाईट नसते. तिची वेळ चुकते. नोंद आज करावी, तडजोड उपचार संपल्यावर करावी. तोवर गाडीवाल्याने दवाखान्याचा खर्च दिला तर तो जरूर घ्यावा, त्याची पावती द्यावी, आणि त्या पावतीवर 'यापुढे काही तक्रार नाही' हे वाक्य लिहू देऊ नये. डिस्चार्ज कार्ड, बिले, एक्स-रे आणि बुडालेल्या रोजीचा हिशेब एका पिशवीत जपावा. अपंगत्वाचा दाखला निघाला, नुकसान आकड्यांत दिसले, की राष्ट्रीय लोकअदालतीत विमा कंपनीशी बोलणी करावीत. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, त्यामुळे प्रकरण तिथेच संपते. गावच्या बैठकीतला सलोखा आणि न्यायालयाच्या शिक्क्याची हमी, दोन्ही तिथे एकत्र मिळू शकतात. याची किंमत आहे हे आम्ही नाकारत नाही: काही महिने हात रिकामा राहील, दोन-चार चकरा होतील आणि काही संबंध तात्पुरते ताणले जातील. ज्या घराला तेवढेही थांबणे शक्य नाही त्याने मिळेल ते घेऊन मिटवले, तर त्याला दोष देता येणार नाही.

दोष द्यायचाच तर तो अशा घराला एकटे सोडणाऱ्या व्यवस्थेला द्यावा लागेल. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना विधी सेवा समितीमार्फत वकील मोफत मिळतो, हे ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात कक्षाबाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो. तो वेळेत गेला का, हे पोलीस पाटलांनी आणि सरपंचांनी विचारावे. तंटामुक्तीसाठी बसणाऱ्या जाणत्यांनी एक संकेत पाळावा: जखमीचे उपचार पुरे झाल्याशिवाय अपघाताच्या प्रकरणात कोणाचीही सही घ्यायची नाही. एवढे झाले तर आपसात मिटवण्याची इथली जुनी रीत मोडणार नाही आणि ती जखमीच्या जिवावरही उठणार नाही.